चिलापीच्या कातडीसाठी कृष्णाकाठी

रत्नागिरीचं माणूस मासे आणायला घाटावर निघालंय, हे ऐकून आमच्या आळीत दोन दिवस हसू चाललं होतं. शेजारच्या काकू तर अंगणातूनच ओरडल्या, "समुद्र आटला की काय गो?" त्यांना मी पायरीवर बसून समजावून सांगितलं की मला मासा नको आहे, माशाची कातडी हवी आहे. त्यावर त्या आणखीच हसल्या.

मी एका महाविद्यालयात मत्स्यप्रक्रिया शिकवते. नावामागे 'डॉ.' लागतं, ते पीएच.डी.चं. माणसांच्या औषधाशी त्याचा काही संबंध नाही, हे सुरुवातीलाच सांगते, कारण प्रवासात ते सांगायचं राहिलं.

गेली काही वर्षं आम्ही माशाच्या कातडीतल्या कोलॅजनवर काम करतोय. कोलॅजन म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन. आपल्या कातडीत असतं, माशाच्याही असतं. जखम भरताना नव्या पेशींना वर चढायला काहीतरी आधार लागतो, वेलीला मांडव लागतो तसा. माशाच्या कातडीतून हे प्रथिन काढून, शुद्ध करून त्याचा पातळ पापुद्रा केला आणि तो जखमेवर बसवला, तर पेशींना मांडव आयता मिळतो. जखम कोरडी पडत नाही, पट्टी सोलताना होणाऱ्या वेदनाही वाचतात. थंड समुद्रातल्या माशांचं कोलॅजन मात्र माणसाच्या अंगाच्या उबेला टिकत नाही, लवकर विरघळतं. उष्ण मुलखातल्या गोड्या पाण्याच्या माशांचं जास्त टिकतं. त्यांत चिलापी, म्हणजे तिलापिया, सगळ्यांत सोयीची. म्हणून नदीतली आणि शेततळ्यातली अशी दोन्हीकडची चिलापी गोळा करायला मी जानेवारीत सातारा-सांगलीकडे निघाले. सोबत चार बर्फाच्या पेट्या, कॉलेजची जीप आणि आमचे ड्रायव्हर साळवी.

कोयनानगर

कुंभार्ली घाटात धुकं इतकं होतं की साळवी खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते. एका वळणावर मागची पेटी घसरली, दुसरीवर आपटली आणि तिच्या झाकणाचे दोन तुकडे झाले. "पहिलाच घाट न् पहिलाच बळी," साळवी म्हणाले. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा ते झाकण त्यांनी सुतळीने बांधून काढलं.

टपरीवाल्या बाईला मी विचारलं, "भूकंपाची भीती नाही वाटत?"

"हलतंय की अधनंमधनं," ती गाळणं झटकत म्हणाली. "आमी कपबशी धरून ठेवतो. थांबलं की चहा पितो."

आमच्याकडे वादळाची बातमी आली की दोन दिवस आधीपासून बोलणं दुसरं नसतं. या बाईला हलती जमीन म्हणजे रोजचीच गोष्ट. चहात साखर एवढी होती की चमचा उभा राहावा. कोयनानगर सोडून पाटणच्या पुढे आलो तसं धुकं मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुऱ्यावर आलेला ऊस सुरू झाला. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे उसाचा ट्रॅक्टर आणि मध्ये आम्ही, असे उंब्रजला पोचलो.

उंब्रज

उंब्रजच्या बाजारात सिंधूताई भेटल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, कपाळभर कुंकू, पुढ्यात पाट्या भरून कृष्णेचे मासे. मी म्हटलं, "चिलापी हवीय, पण फक्त कातडी. मास तुमचं तुम्हीच ठेवा."

त्यांनी शेजारणीकडे पाहिलं. "आवं, कातडं काढल्यालं मासं कोन घेनार माझ्याकडनं? लोकं म्हनत्याल सिंधीनं मासा नागवा करून इकला."

शेवटी असं ठरलं की सगळी चिलापी मीच घ्यायची, कातडी त्यांच्या घरी काढायची आणि मासाचं काय करायचं ते तिथेच बघायचं. साळव्यांनी पाट्या जीपमध्ये चढवल्या आणि वर पुस्ती जोडली, "आमच्या डॉक्टर बाई आहेत या. जखमेचं औषध करतात माशापासून."

सिंधूताईंचा चेहराच बदलला. "मग आमच्या तात्यांना दावतोच तुमास्नी," त्या म्हणाल्या. मी काहीतरी पुटपुटले, की मी तसली डॉक्टर नाही. पण तोवर त्या जीपमध्ये बसल्या होत्या, इंजिन सुरू झालं होतं, आणि मी ते पुन्हा म्हटलं नाही.

तात्या म्हणजे त्यांचे सासरे. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगाने काटक, सगळा जन्म नदीत गेलेला. सिंधूताईंचा नवरा सैन्यात, पठाणकोटला. घरी ही दोघंच. तात्या ओट्यावर बसले होते. उजव्या पावलाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली आणि बाजूला काठी.

मी सुरीने कातडी सोडवायला गेले तर पहिल्याच माशाची फाटली. तात्यांनी माझ्या हातातून मासा काढून घेतला. "मॅडम, असं न्हवं. ह्यो काय तुमचा बांगडा हाय व्हय?" त्यांनी शेपटीपाशी बारीक चीर दिली, बोटांना चुलीतली राख लावली, कातडीचं टोक चिमटीत धरलं आणि एका दमात डोक्यापर्यंत ओढलं. सदरा काढावा तशी कातडी अखंड निघाली. प्रयोगशाळेत आम्हाला इतकी साफ कधी जमली नव्हती. दुपारपर्यंत तात्यांनी पाट्या संपवल्या. मध्येमध्ये ते नदीबद्दल बोलत होते. सापासारखा लांब वांब मासा कुठल्या डोहात असायचा, पुराच्या वर्षी पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं, आणि ही चिलापी मुळात बाहेरची, "पावनी म्हनून आली आन घरची मालकीन झाली." मी भराभरा लिहून घेत होते.

जेवायला त्याच माशांचं कालवण होतं. आम्ही माशाला ओलं खोबरं, कोकम, बांगड्याला तिरफळ घालणारे. इथं भाजलेलं सुकं खोबरं, चिंच आणि कांदा-लसूण मसाला. पहिल्या घासाला ठसका लागून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्या घासानंतर मी थांबले नाही. साळव्यांनी पहिल्यांदा कबूल केलं की नदीच्या माशालाही चव असते.

जेवताना तात्यांनी विचारलं, "मॅडम, ह्या कातड्याचं औषध कसं काय व्हतं?"

या प्रश्नाची मला हौस आहे. मी सगळं सांगितलं. मांडव सांगितला, वेल सांगितला. कातडी आधी मिठाच्या पाण्यात धुतो हे सांगितलं. पुढची रसायनं, गाळणं, गोठवून सुकवणं, निर्जंतुक करणं मात्र कंटाळवाणं वाटेल म्हणून "मग पुढे बऱ्याच प्रक्रिया असतात" एवढ्यावर आटोपलं. मग मोबाइलवर एक फोटो दाखवला. परदेशात एका रुग्णालयात भाजलेल्या हातावर चिलापीची कातडी लावली होती, तो फोटो. तीही आधी नीट निर्जंतुक केलेली होती, पण फोटोत ते दिसत नाही. फोटोत फक्त एक हात दिसतो, त्यावर करड्या खवल्यांची नक्षी असलेली माशाची कातडी, आणि शेजारच्या चौकटीत तोच हात भरलेला.

तात्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "हे कुठल्या माशाचं?"

"चिलापीचं."

"आपली चिलापी? ही?"

"अगदी हीच," मी म्हटलं. माझ्या आवाजात अभिमान होता, तो मला अजून ऐकू येतो.

"आन हे औषध आमास्नी कवा मिळंल?"

"अजून वेळ आहे, तात्या. पाच-सात वर्षं तरी."

"पाच-सात वर्सं!" ते साळव्यांकडे बघून हसले. "तवर आमचं काय करायचं, गड्या?"

सगळेच हसलो.

त्यांच्या पायाबद्दल मी विचारलं, नाही असं नाही. तोडणी झालेल्या रानातून नदीकडे जाताना उसाचा बुडखा तळव्यात घुसला होता, दोन महिन्यांपूर्वी. शुगर होतीच. कराडच्या डॉक्टरांनी अंगठा काढावा लागेल म्हटल्यापासून त्यांनी तिकडे जाणं सोडलं होतं. "अंगठ्याबिगर नावंत हुभा ऱ्हानार कसा?" ते म्हणाले. सिंधूताई मागे उभ्या होत्या. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की आता मॅडम काहीतरी म्हणतील.

मी म्हटलं, "दाखवून या हो एकदा."

एवढंच. पाय दाखवा, असं मी म्हटलं नाही. एक वास येत होता. आठ पाट्या मासे सोललेल्या घरात वास येणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण माशाचा वास मला लहानपणापासून ठाऊक आहे. तो वास माशाचा नव्हता.

निघताना दोन पेट्या भरल्या होत्या. तात्या काठी टेकत जीपपर्यंत आले आणि म्हणाले, "लय चांगलं काम करतासा पोरी. हुंदे लौकर."

सांगली

सांगलीत कृष्णेच्या घाटावर सकाळी ऊन खात बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने मला पाण्यात पाय सोडू दिला नाही. "मगर हाय वर्च्या अंगाला. गेल्या पंधरवड्यात शेळी न्हेली." आमच्याकडे समुद्रात असं काही नसतं, तरी लाटेला लोक घाबरतात. हा माणूस मगरीच्या नदीत रोज जाळं टाकत होता आणि मला मात्र पायरीवरून उठवत होता. कातडीचा प्रश्न इथे सोपा निघाला. हॉटेलांना माशाचे कातडी काढलेले तुकडे लागतात, त्यामुळे बाजारात ती टोपलीभर फेकूनच द्यायची असते. विक्रेत्याने ती मला हसत दिली आणि वर एक भडंगाचं पुडकंही दिलं.

दुपारी एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांना भेटायचं ठरलं होतं. आमचा पापुद्रा कधी तयार झालाच तर त्याच्या चाचण्या कुठे होऊ शकतील, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं काम उत्तम आहे. पण माझ्याकडे येणारी निम्मी जखम भाजल्याची नसते, लावलेल्याची असते. चुना, तंबाखू, टूथपेस्ट, शेण. ज्याला जे सुचतं ते. कोणी काहीतरी सांगितलेलं असतं."

बाहेर पडून जिन्यात उभी राहिले तेव्हा मला उंब्रजचा ओटा दिसला. तात्यांचा तो प्रश्न, "कुठल्या माशाचं?" तो प्रश्न मला आता वेगळा ऐकू आला. मी तिथूनच सिंधूताईंना फोन लावला. त्या बाजारात होत्या, मागे गलका होता.

"तात्या कसे आहेत?"

"ब्येस हायत की! तुमचीच आठवन काढत्यात."

"बरं. काही नाही, सहज केला."

तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. कच्ची कातडी जखमेवर लावू नका, हे जन्मभर मासे हाताळलेल्या माणसांना सांगायचं म्हणजे त्यांना अडाणी ठरवण्यासारखं वाटलं. त्यांना एवढं कळत नसेल का? असंही वाटलं. खरं सांगायचं तर ते वाक्य म्हटलं असतं तर त्याच्यामागून आणखी एक वाक्य म्हणावं लागलं असतं, की मी डॉक्टर नाही, आणि हे मी परवाच सांगायला हवं होतं. त्या दिवशी मी सांगलीत भेळ खाल्ली. छान होती.

कवठे महांकाळ

सांगली सोडून पूर्वेला निघालं की ऊस हळूहळू विरतो. जमिनीचा रंग फिका होतो, झाडं ठेंगणी होतात, आणि माणसं पाण्याबद्दल ज्या आवाजात बोलतात तोही बदलतो. कवठे महांकाळच्या अलीकडे एका निवृत्त सुभेदारांनी द्राक्षबागेसाठी शेततळं खणलं होतं आणि त्यात चिलापी सोडली होती. बागेला पाणी जायचं ते माशांना वाढवून मगच. तळ्याच्या बांधावर ते ताठ उभे राहून मला माहिती देत होते, जणू वरिष्ठांना अहवाल देताहेत. त्यांच्या पत्नी सीमेपलीकडच्या, माहेर अथणीकडचं. त्यांच्या मराठीला कानडीचा हेल होता. त्यांनी शाळूची कणसं भाजून हुरडा चोळला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. कोकणात आम्ही मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांच्या पोपटीला जमतो तसे हे लोक हुरड्याला जमतात. पण हुरड्याला घाई लागते, गरम असतानाच खायचा. मी पहिली मूठ तोंडात टाकली आणि पर्समधला फोन वाजला.

सिंधूताई होत्या. गलका नव्हता.

"मॅडम, तात्यांना ताप चढलाय. अंग लय कापतंय. पाय गुडघ्यापातुर सुजलाय."

"कधीपासून?"

"काल रातच्याला चढला. तुमी सांगितल्यागत कातडं लावलं हुतं न्हवं का, तवापासनं तिसऱ्या दिशी..."

मी हाताने साळव्यांना जीप काढायची खूण केली.

"सिंधूताई, ते काढा. आत्ता काढा आणि त्यांना कराडला घेऊन जा. मी येतेय, पण माझ्यासाठी थांबू नका."

"ते आयकंनात हो. म्हनत्यात, मॅडम आल्याबिगर पट्टी सोडायची न्हाई. औषध मधीच उघडलं तर गुन जातोय म्हनं."

हुरडा तसाच परातीत राहिला. सुभेदारांच्या पत्नी जीपपर्यंत मागे आल्या आणि काही न विचारता पाण्याची बाटली आत ठेवून गेल्या. मिरज आली तसे साळवी म्हणाले, "बाई, डॉक्टर म्हणून मीच सांगितलं होतं."

"मी नाही म्हटलं नव्हतं, साळवी," मी म्हणाले.

पुन्हा उंब्रज

चारच्या सुमाराला पोचलो. तात्या आतल्या खोलीत खाटेवर होते. चिंधी नव्हती, पायाला नवं पांढरं फडकं स्वच्छ गुंडाळलेलं होतं. त्याच्या कडेतून करडी कातडी डोकावत होती, खवल्यांची नक्षी वरच्या बाजूला. अगदी फोटोतल्यासारखी. त्या दिवशी सोललेल्यांतल्या दोन कातड्या त्यांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या. मी निघाल्यावर लगेच लावल्या.

"मिठाच्या पान्यात दोन डाव धुतली हो," सिंधूताई म्हणाल्या. "तुमी म्हनला हुता तसं."

मला बघून तात्यांना बरं वाटलं, हे मी कसं सांगू? त्यांचे डोळे तापाने लाल झाले होते, ओठ सुकले होते, आणि ते हसले.

"आलासा? बघा बरं मॅडम. माझं काय चुकलं का? दोन लावली मी. येकच लावायची हुती का?"

"तुमचं काही चुकलं नाही, तात्या. उठा, कराडला जाऊ."

"अंगठा काढत्याल त्ये."

"मी येते ना सोबत."

या शब्दावर ते उठले. दोन महिने सून सांगत होती, मुलगा पठाणकोटहून फोनवर ओरडत होता, त्यांचं त्यांनी ऐकलं नव्हतं. माझं ऐकलं. जीपमध्ये मागे त्यांना आडवं करता यावं म्हणून साळव्यांनी चारही पेट्या उचलून ओट्यावर ठेवल्या. मी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

महामार्गावर उसाच्या दोन ट्रॉल्या रस्ता अडवून निवांत चालल्या होत्या. साळव्यांचा हात हॉर्नवरून निघेना. तात्यांचं डोकं सिंधूताईंच्या मांडीवर होतं, पाय माझ्या मांडीवर. फडक्यातून उष्णता माझ्या साडीतून आत येत होती. ते मध्येच काहीतरी बोलत होते, डोहाचं, जाळ्याचं. एकदा त्यांनी मुलाचं नाव घेतलं.

कराड

रुग्णालयातली डॉक्टर तरुण होती. तिने फडकं सोडलं, कातडी चिमट्याने उचलली, आणि तो वास खोलीभर झाला. तीन दिवसांपूर्वी मी ज्याला माशाचा म्हटलं होतं, तोच, शंभरपट.

"हे कोणी सांगितलं लावायला?" तिने सिंधूताईंना विचारलं.

सिंधूताईंनी मान खाली घातली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"मी डॉक्टर... नाही. मी कॉलेजात शिकवते."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि कामाला लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जीव वाचला. नंतर मी त्या डॉक्टरला एकटीला गाठून विचारलं, जे मला विचारायचंच होतं. कातडी लावली नसती तर?

"अंगठा आधीच गेला होता," ती म्हणाली. "पाऊल वाचलं असतं का? कदाचित. तीन दिवस आधी आले असते तर नक्कीच काहीतरी वाचवता आलं असतं. आता कोणीच सांगू शकत नाही."

'तीन दिवस आधी' म्हणजे मी त्यांच्या ओट्यावर बसून कालवण खात होते तो दिवस. तेव्हा जीप दारात होती आणि कराड एवढंसं लांब होतं.

मुलगा पठाणकोटहून निघाला होता. तो येईपर्यंत मी थांबले. तो उंच, शांत माणूस होता. त्याने माझे आभार मानले, वडिलांना वेळेत आणल्याबद्दल. सिंधूताईंनी त्याला काय सांगितलं होतं मला माहीत नाही. मी त्याला व्हरांड्यात नेऊन सगळं सांगितलं, फोटोपासून सांगलीच्या जिन्यापर्यंत. तो म्हणाला, "आमचा बाप हट्टी हाय, मॅडम." आणि आत गेला. मला वाटतं, यापुढचं काही त्याला माझ्यासमोर बोलायचं नव्हतं.

परत जाताना पेट्या घ्यायला उंब्रजला थांबलो. मी मनात धरलं होतं की सगळं सडलं असेल, फेकून देऊ, आणि तसं झालं असतं तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. पण झाकणं उघडली तर आत ताजा बर्फ. रुग्णालय आणि घर यांच्या फेऱ्या मारताना सिंधूताई बाजारातून बर्फ आणून रोज बदलत होत्या. शेजारीण म्हणाली, "सिंधी म्हनली, मॅडमचं काम अडाया नगं."

त्या कातड्यांतून कोलॅजन उत्तम निघालं. उंब्रजच्या पेटीतलं सगळ्यांत चांगलं, कारण त्या कातड्या कुठेच फाटलेल्या नव्हत्या. पांढरा, मऊ, कागदासारखा पापुद्रा तयार झाला. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली. तो पापुद्रा हातात धरून मी खिडकीपाशी बराच वेळ उभी होते. त्यात वाईट काहीच नव्हतं.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा घाट चढून कराडला गेले, या वेळी एसटीने, पेट्यांशिवाय. तात्या अजून रुग्णालयात होते. जखम सावकाश भरत होती. भिंतीला टेकून बसले होते, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी गप्पा चालल्या होत्या. त्या माणसाचा दंड गुऱ्हाळात काकवीने भाजला होता. मला पाहून तात्यांनी त्याला हाक मारली.

"आरं, ह्याच त्या रत्नागिरीच्या मॅडम. माशाच्या कातड्यापासनं जखमंचं औषध करत्यात."

तो माणूस कोपरावर उठून बसला. "व्हय? माझ्या हाताला चालंल?"

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "नाही. ते औषध अजून झालेलं नाही. कधी होईल मला माहीत नाही. नुसती कातडी लावली तर हात जाईल. मी डॉक्टर नाही, मी कॉलेजात शिकवते. इथले डॉक्टर सांगतील तेवढंच करा."

तो जरा हिरमुसला आणि परत आडवा झाला. तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सोललेल्या माशाकडे बघावं तसं ते माझे शब्द निरखत होते.

"हे असं मला त्या दिशी सांगितलं असतंसा," ते म्हणाले, "तर म्या आयकलं असतं, पोरी."

"ऐकलं असतंत, तात्या," मी म्हटलं. "मला माहीत आहे."